आवारात उभ्या कॅम्पर व्हॅनला घरची वीज: सुरुवात अर्थिंगपासून

जून लागला होता, पाऊस नुकताच सुरू झाला होता. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीला लागून आमची व्हॅन उभी होती. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली ही कॅम्पर उंचीमुळे स्टिल्टखाली (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) जात नाही, त्यामुळे ती कायम उघड्यावरच असते. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून मी बॅटरीचा चार्जर लावला होता. आई डबे ठेवायला आली. ओल्या फरशीवर उभं राहून तिने दाराच्या हँडलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरे, मुंग्या येतायत बघ हाताला," म्हणाली.

मी मल्टिमीटर आणला. एक टोक हँडलला लावलं, दुसरं चिखलात खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरला. काटा ११० व्होल्टच्या आसपास गेला. मग बोर्ड उघडून पाहिला. सॉकेटला भोकं तीन होती, पण आत वायर दोनच. अर्थच्या भोकामागे काहीच जोडलेलं नव्हतं.

चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात फेज आणि अर्थ, तसंच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार जागेवर असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. तार नसेल तर व्हॅनचं सगळं पत्र्याचं अंग फेज आणि न्यूट्रलच्या मध्यावर, म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगत राहतं. आईला त्या दिवशी नुसत्या मुंग्या आल्या, कारण कपॅसिटर फारच थोडा करंट जाऊ देतात. त्या जागी फेजची वायर पत्र्याला घासून सोलली गेली असती, तर मागे घ्यायला हात मोकळा राहिला नसता.

"टायर रबराचे आहेत, गाडीला शॉक कसा लागेल?" असं बरेच जण म्हणतात. गोष्ट नेमकी उलटी आहे. रबरामुळे गाडीचा जमिनीशी काहीच संबंध राहत नाही. पत्रा जिवंत झाला तर करंटला जायला वाट नसते, फ्यूज उडत नाही, एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. २३० व्होल्टचा पत्रा शांतपणे उभा राहतो, आणि पहिली वाट मिळते ती ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची. म्हणून या सगळ्या कामात अर्थच्या हिरव्या वायरचा मान पहिला.

पुढे लिहिलेलं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यायचं आहे. काय मागायचं, काय तपासायचं आणि कुठे हटून बसायचं, हे आपल्याला कळावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

किती वीज लागणार, ते आधी कागदावर मांडा

आमचा चार्जर १२ व्होल्टला ३० अँपिअर देतो, म्हणजे भिंतीकडून साधारण ५०० वॉट घेतो. फ्रिज १२ व्होल्टवरच चालतो, त्याचा वेगळा हिशेब नाही. एक टनाचा एसी अकराशे वॉटच्या आसपास, इंडक्शन शेगडी २०००, पाण्याची किटली १५००. १६ अँपिअरच्या लाइनवर २३० व्होल्टला ३,६८० वॉट मिळतात. चार्जर, एसी आणि शेगडी एकदम लावली की ३,६०० होतात, म्हणजे लाइन काठोकाठ भरते. किटली त्यात बसत नाही. तेव्हा एसी चालू असताना एकच शेगडी किंवा एकच किटली, असा नियम घरात करावा लागतो.

केवळ बॅटरी चार्ज करायची असेल तरी लाइन १६ अँपिअरचीच घ्या. खोदाई आणि केबल एकदाच होते. घराचा मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा. घरात दोन एसी आणि गीझर असतील, तर या नव्या लाइनसाठी भार वाढवून घ्यावा लागेल.

वीज आपल्याच मीटरवरून

सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेऊ नका. पंपाच्या आणि जिन्याच्या दिव्यांच्या बिलात आपली व्हॅन मिसळली की भांडण ठरलेलं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी अनेक सोसायट्यांनी घालून घेतलेली पद्धत इथेही चालते: तळमजल्याच्या मीटर रूममध्ये आपल्या मीटरच्या पुढे वेगळी छोटी पेटी बसवायची आणि तिथून लाइन थेट पार्किंगपर्यंत न्यायची. सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या, सोबत केबलचा मार्ग दाखवणारं साधं रेखाचित्र जोडा. आमच्या सेक्रेटरीकाकांना आगीची काळजी होती. पेटीत काय बसणार आहे ते समजावल्यावर त्यांनी पुढच्या सभेत परवानगी दिली. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, जी कंपनी आपली असेल तिलाही आधी विचारून घ्या, कारण मीटरच्या जवळ हात घालायचा आहे.

लाइन घरातल्या डीबीतून (मुख्य स्विचांच्या पेटीतून) काढण्यापेक्षा मीटर रूममधून काढण्याचा आणखी एक फायदा आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) असेल आणि त्याच्या पुढे व्हॅनसाठी तसाच दुसरा लावला, तर व्हॅनमध्ये लीकेज झाल्यावर दोघांपैकी कोण पडेल याचा भरवसा नसतो. व्हॅनमधल्या ओल्या सॉकेटमुळे रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरातले पंखे बंद पडतील.

पेटीत काय हवं

एमसीबी जास्त करंटला पडतो, आरसीसीबी गळणाऱ्या करंटला. दोन्ही कामं एकाच यंत्रात हवी असतील तर आरसीबीओ घ्या: १६ अँपिअर, सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअर, डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा). सी कर्व्ह अशासाठी, की एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो आणि बी कर्व्हचा एमसीबी त्याला उगाच पडू शकतो. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतात. माणूस वाचवायला ३० च हवा. दुकानात 'टाइप ए' मागा. चार्जर आणि इन्व्हर्टरमधून होणारी गळती निव्वळ एसी नसते, तिच्यात डीसीचे झोत मिसळलेले असतात, आणि साधा 'टाइप एसी' आरसीसीबी त्यांच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. दोन्हींच्या दिसण्यात काही फरक नसतो, म्हणून तोंडावरची खूण पाहून घ्या. आयएस १२६४० हा मानक क्रमांकही त्यावर छापलेला असतो.

त्याच पेटीत जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं एक छोटं यंत्र बसवा. इमारतीला तीन फेज येतात. मीटर रूममध्ये मेन न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला की काही घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर चढतं आणि त्या दिवशी टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जातात.

केबलचा हिशेब

आमच्या मीटर रूमपासून व्हॅनच्या जागेपर्यंत भिंतीच्या कडेने ३० मीटर अंतर भरलं. वायरमन म्हणाला, २.५ स्क्वेअरची पुरेल. गणित असं: तांब्याच्या २.५ स्क्वेअर मिलिमीटर केबलमध्ये दर अँपिअरला दर मीटरला साधारण १८ मिलिव्होल्ट पडतात. ३० मीटर आणि १६ अँपिअर, म्हणजे साडेआठ व्होल्ट. पुढे सॉकेटपासून गाडीपर्यंतच्या १० मीटर लवचीक केबलमध्ये जवळपास तीन व्होल्ट. एकूण साडेअकरा, म्हणजे पाच टक्के. उन्हाळ्यात संध्याकाळी पुरवठाच २१५ वर आला असेल, तर एसीचा कॉम्प्रेसर घरघरत राहील आणि तापेल. ४ स्क्वेअर घेतली की मीटरमागे ११ मिलिव्होल्ट, म्हणजे लाइनवर सव्वापाच व्होल्टच पडतात. पैशांचा फरक थोडा आहे. ४ स्क्वेअरचीच घ्या, तीन कोअरची, तांब्याची, आर्मर्ड (आवरणात लोखंडी तारांचं चिलखत असलेली).

आर्मर्ड अशासाठी, की मुंबईत घुशी आहेत. आमच्या गटाराच्या कडेला घातलेला प्लॅस्टिकचा कंड्युट त्यांनी एका पावसाळ्यात कुरतडला होता. केबल जमिनीखालून न्यायची तर पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू आणि वरून विटांचा थर. भिंतीवरून न्यायची तर दर अर्ध्या मीटरवर सॅडल. मला भिंत बरी वाटते. केबल डोळ्यांसमोर राहते आणि पुढे कुणी नळासाठी खोदलं तर कुदळ तिच्यावर बसत नाही.

अर्थिंग

इथे घाई करू नका, आणि "अर्थिंग आहे साहेब" या वाक्यावर विसंबू नका.

आमच्या मीटर रूममध्ये भिंतीवर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी होती, तिला नीट नटबोल्ट होते, हिरवा रंगही होता. ती भिंतीतून बाहेर पडून फरशीखाली जात होती. कंत्राटदाराने अर्थ टेस्टर लावला तर आकडा शंभर ओहमच्या वर. दोन फरशा उचलल्या. खाली पट्टी गंजून भुगा झालेली, अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेल्या पाइपापर्यंत पोहोचतच नव्हती. अठ्ठावीस घरांची अर्थिंग किती वर्षं अशी अधांतरी होती, कोणास ठाऊक. सोसायटीने त्याच आठवड्यात नवीन खड्डा करून घेतला.

खड्डा भरल्यावर आलेला आकडा पाच ओहमच्या खाली असेल तर चांगला समजतात. आता पाच ओहमवर काय होतं बघा. फेज पत्र्याला टेकली, तर करंट २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो कित्येक सेकंद घेईल, आणि तेवढा वेळ गाडीचा पत्रा जिवंत. म्हणजे उत्तम अर्थिंग असूनही नुसत्या एमसीबीवर भागत नाही. उलट अर्थिंग नसताना नुसता आरसीसीबी असेल, तर तो माणसाच्या अंगातून करंट गेल्यावरच पडतो. जीव बहुधा वाचेल, पण झटका बसल्यानंतर. दोन्ही असतील, तर कुणी हात लावण्याच्या आधीच लाइन तुटते. हीच जोडी हवी.

अर्थ आणायचे दोन मार्ग आहेत. इमारतीची पट्टी खड्ड्यापर्यंत जाते हे डोळ्यांनी पाहिलं आणि मोजून खात्री झाली, तर तीच अर्थ केबलच्या तिसऱ्या कोअरमधून सॉकेटला आणा आणि केबलचं आर्मर दोन्ही टोकांना ग्लँड (केबल पकडणारी धातूची टोपी) लावून तिला जोडा. तशी खात्री पटत नसेल, किंवा ती पट्टी न्यूट्रलशीच जोडलेली निघाली, तर व्हॅनपाशी स्वतंत्र खड्डा करा: अडीच मीटरचा पाइप, भोवती मीठ-कोळसा, वर पाणी घालायला झाकण. अशा वेळी सॉकेटला फक्त या खड्ड्याची अर्थ द्यायची. इमारतीची अर्थ तिथे आणायची नाही. सॉकेटची पेटी प्लॅस्टिकची घ्यायची आणि आर्मर मीटर रूमच्याच टोकाला जोडून इकडे सुटं, झाकलेलं ठेवायचं. व्हॅनही इमारतीच्या लोखंडी गेटपासून किंवा पंपाच्या बॉडीपासून दूर उभी करा. दोन वेगळ्या अर्थना एकाच वेळी दोन हात लागू नयेत.

एक चोरवाट मात्र कुणालाही वापरू देऊ नका. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना छोट्या वायरने जोडून "झाली अर्थिंग" म्हणणारे आहेत. टेस्टरवर सगळं छान दिसतं. मग एके दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटते, आणि चालू असलेल्या एसीमधून फेजचं व्होल्टेज न्यूट्रलवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर येतं. वर अर्थची तारच जिवंत झाल्यामुळे गाडीतला स्विच बंद करून ते जाईलच असं नाही. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र असलेल्या पुरवठ्याची ती अर्थ कॅरॅव्हॅनच्या धातूला जोडायला ब्रिटनने २००२ च्या नियमांत बंदी घातली ती याच कारणासाठी. नळाच्या पाइपाला अर्थ जोडणंही सोडा. निम्मे पाइप आता प्लॅस्टिकचे आहेत.

सॉकेट किती उंचीवर

घरातलं १६ अँपिअरचं तीन पिनचं सॉकेट बाहेर चालत नाही. तासन्‌तास भार असला की त्याच्या पट्ट्या तापतात आणि पावसापासून त्याला संरक्षण नसतं. निळ्या रंगाचं, गोल, झाकणाचं इंडस्ट्रियल सॉकेट मिळतं, १६ अँपिअर, तीन पिनचं. लोहार चाळीतल्या विजेच्या दुकानांत सहज मिळेल. निळा म्हणजे २०० ते २५० व्होल्टचं, लाल रंगाचं तीन फेजसाठी असतं. पाणी-धूळ किती रोखतं हे त्यावरच्या आयपी आकड्यावरून कळतं; आयपी ४४ शिंतोड्यांना पुरतं. आमचं उघड्यावर आहे म्हणून मी आयपी ६७ घेतलं आणि वर पत्र्याचं छोटं छप्पर केलं.

उंचीसाठी सोसायटीतल्या जुन्या माणसांना विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी आपल्या आवारात पाणी कुठवर आलं, हे कुणाला ना कुणाला आठवतंच. आमच्या वॉचमनने भिंतीवर मांडीच्या उंचीला हात ठेवून दाखवलं. सॉकेट त्याच्या अर्धा मीटर वर बसवलं.

खाऱ्या हवेचा विचार करा. समुद्राच्या बाजूला पितळेच्या स्क्रूंवर वर्षभरात हिरवा कळंक चढतो, जोड ढिले होतात आणि ढिला जोड तापतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, वायरच्या टोकांना टिन केलेले लग, आणि केबल पेटीत खालूनच शिरलेली, म्हणजे तिच्यावरून पाणी आत ओघळणार नाही.

सॉकेटपासून गाडीपर्यंतची केबल रबरी आवरणाची, तीन कोअर, २.५ स्क्वेअर. ज्या टोकात वीज असते त्या टोकाला नेहमी भोकं असतात, पिना कधीच नाहीत. भिंतीवर भोकांचं सॉकेट, त्यात पिनांचा टॉप, केबलच्या दुसऱ्या टोकाला भोकांचा कनेक्टर, आणि गाडीच्या अंगात आत बसवलेल्या पिना. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कुणी करून दिली तर ती तिथेच कापून टाका.

गाडीच्या आत

गाडीत शिरल्या शिरल्या स्वतःचा डबल पोल आरसीबीओ हवा. बाहेर फेज-न्यूट्रल उलटे झाले तरी दोन्ही तारा एकदम तुटल्या पाहिजेत. अर्थच्या पट्टीपासून चॅसिसपर्यंत ४ स्क्वेअरची हिरवी-पिवळी वायर घ्या. बोल्टखालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून ती घट्ट करा. ओट्याखालचा गॅसचा पाइप धातूचा असेल तर तोही तिला जोडा. आतली सगळी वायर बहुतारी हवी. एकतारी वायर घाटातल्या धक्क्यांनी टर्मिनलपाशी तुटते. पत्र्यातून जिथे वायर जाते तिथे रबराचा ग्रोमेट, आणि तो बसला आहे की नाही हे बोटाने चाचपून बघा.

चालू करण्याआधी

वीज बंद असतानाच्या तपासण्या आधी. चॅसिसपासून मीटर रूमच्या अर्थपर्यंत (स्वतंत्र खड्डा असेल तर त्याच्या पाइपापर्यंत) तार सलग आहे का, ते मीटरने बघा. आकडा एक ओहमच्या आत यायला हवा. मग चार्जर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र). एक मेगाओहमच्या खाली आला तर कुठेतरी ओल किंवा सोललेली वायर आहे.

नंतर वीज चालू करून सॉकेटवर तीन मोजमापं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ बरंच कमी भरलं तर अर्थ तुटकी आहे. न्यूट्रल-अर्थ २३० आलं तर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत.

शेवटी आरसीसीबी टेस्टर. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. कंत्राटदाराकडून हे आकडे कागदावर सहीनिशी घ्या. आरसीसीबीवरचं 'टी' बटण दर महिन्याला दाबायचंच, पण ते फक्त यंत्राचा चाप सुटतो की नाही एवढंच सांगतं. अर्थ मुळीच नसली तरी ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी त्यावरूनच अर्थिंग चांगली आहे असं समजून घेतलं होतं.

रोजचा वापर

जोडताना: भिंतीवरचा स्विच बंद, केबल पूर्ण उलगडलेली, आधी गाडीच्या बाजूचा कनेक्टर, मग भिंतीवरचा टॉप, मग स्विच. काढताना उलट: गाडीतला भार बंद, स्विच बंद, भिंतीवरचा टॉप आधी काढायचा. केबलचं वेटोळं करून उरलेला भाग कोपऱ्यात टाकू नका. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. तासभर एसी चालल्यावर तिला हात लावून पाहा, मग पटेल. सॉकेटपाशी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल.

मे महिन्यात खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला आणि पावसाळ्याआधी एकदा अर्थ टेस्टर लावून घ्या. वर्षातून एकदा, सगळं बंद करून, सॉकेटचे स्क्रू आवळा. टॉपच्या पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी दिसलं तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला; नुसतं एक बदललं की दुसरं त्याला पुन्हा जाळतं.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून बाहेर गाडी उभी करायच्या जागा वाढतील, तिथेही हीच केबल चालेल. फक्त मल्टिमीटर गाडीत ठेवा आणि कुठल्याही नव्या सॉकेटला जोडण्याआधी ती तीन मोजमापं घ्या. फेज-अर्थ जमत नसेल तर त्या रात्री बॅटरीवर राहा.

आमच्या गाडीत लाल कापडाची एक पट्टी असते. केबल लावली की ती पट्टी स्टिअरिंगवर येते, केबल काढून गुंडाळून डिकीत ठेवली की पट्टीही तिच्याबरोबर डिकीत जाते. पहाटे चारला अंधारात निघताना तेवढं बघून चावी फिरवतो.